पाण्याचा हिशेब आणि घाणीचा हिशेब एकाच वहीत: खानदेशातल्या उपखोऱ्यासाठी मार्गदर्शक

मार्च उलटला की खानदेशातल्या बहुतेक नद्यांच्या पात्रात गावाशेजारी जे वाहताना दिसतं, ते नदीचं पाणी नसतं, वरच्या गावाचं सांडपाणी असतं. पांझरा, बोरी, बुराई, तितूर: नावं वेगळी, गत तीच. तरीही आपल्याकडे नदीच्या दोन वह्या वेगवेगळ्या कपाटांत असतात. जलसंपदा विभागाच्या वहीत क्युसेक (सेकंदाला एक घनफूट प्रवाह) आणि दशलक्ष घनफूट, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वहीत मिलिग्रॅम प्रतिलिटर. धरणातून पाणी कधी सुटणार हे ठरवणाऱ्याला गटारीचा आकडा माहीत नसतो आणि गटारीचा नमुना घेणाऱ्याला आवर्तनाची, म्हणजे धरणातून पाणी सोडण्याच्या पाळीची, तारीख माहीत नसते. खोरेनिहाय एकात्मिक व्यवस्थापन हे नाव भारदस्त आहे, पण त्याचं काम या दोन वह्या एकत्र मांडण्यापासून सुरू होतं. गावपातळीवर ते कसं करायचं, हे ग्रामपंचायत सदस्य, पाणी वापर संस्थेचे पदाधिकारी, शाळा-महाविद्यालयातले शिक्षक आणि नगरपालिकेचे कर्मचारी यांच्यासाठी पुढे लिहिलं आहे.

आधी आपली हद्द ठरवा, आणि ती तालुक्याची नको

तापी मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईला उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहून सुरतेजवळ समुद्राला मिळते. खोरं सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटरचं, त्यातला जवळजवळ चार पंचमांश भाग महाराष्ट्रात. एवढं सगळं एका गटाच्या आवाक्यात येत नाही. म्हणून उपखोरं निवडा: पांझरेचं, बोरीचं, वाघूरचं, किंवा गिरणेचा गिरणा धरणाखालचा भाग.

निवडताना पाणी कुठून येतं ते बघा. गिरणेचं उदाहरण घ्या. भडगाव, पाचोरा, एरंडोल ही जळगाव जिल्ह्यातली गावं, पण त्यांचं पाणी नाशिक जिल्ह्यातून येतं. चणकापूर धरण कळवण तालुक्यात, त्याखाली मालेगाव शहर आणि तिथे मिळणारी मोसम नदी, त्याच्याही खाली नांदगाव तालुक्यात गिरणा धरण. जळगावच्या बैठकीत मालेगावचा माणूस नसेल, तर ती बैठक अर्ध्या नदीची. रावेरकरांसाठी तर वरचं मोठं शहर बऱ्हाणपूर, म्हणजे राज्यच वेगळं.

नकाशावर नदीची रेघ काढली की दोन दिवस काढून पात्राच्या कडेने चाला. गुगलच्या उपग्रहचित्रात गावचा नाला दिसतो, पण त्यात डेअरीचं पाणी आहे की कत्तलखान्याचं, हे चालल्याशिवाय कळत नाही. सोबत गावातले एखादे आबा किंवा नाना असू द्या. कोणता झरा कधी आटला, पूर्वी डोह कुठे होता, कुठली विहीर कोणत्या साली मचूळ झाली, हे त्यांनाच सांगता येतं. आणि हे सगळं लिहून घ्या, ऐकून सोडू नका.

आपल्याकडे गावोगावच्या लोकांनी मिळून नदी वाटून घेण्याची सवय नवी नाही. पांझरा, कान, मोसम या नद्यांवर फड पद्धतीचे बंधारे एकाखाली एक आहेत. काही शतकं हा कारभार शेतकऱ्यांनी स्वतः चालवला. पाटकरी पाणी द्यायचा, जागल्या राखण करायचा, पाटाच्या साफसफाईला घरटी माणूस लागायचा. वरच्या बंधाऱ्याने किती अडवावं आणि खालच्याला किती सोडावं, याचा रिवाज होता. फक्त तो रिवाज किती पाणी सोडायचं याबद्दल होता. कसं पाणी सोडायचं हा प्रश्न तेव्हा पडला नव्हता.

नमुन्याचे बिंदू जोडीने घ्या

सर्वाधिक गफलत इथे होते. लोक पुलावरून बादली सोडतात, एक नमुना भरतात, आणि अहवाल आला की ‘नदी प्रदूषित’ असं म्हणून मोकळे होतात. एका नमुन्यावरून घाण कोणाची हे कधीच सिद्ध होत नाही. प्रत्येक नाल्यासाठी तीन बिंदू हवेत: नाला मिळण्याच्या वर नदीत, खुद्द नाल्यात, आणि खाली पाणी नीट मिसळल्यावर नदीत. नाला मिळाल्यावर बरंच अंतर घाण एकाच काठाला धरून वाहते. म्हणून खालचा बिंदू लगेच पुलाखाली घेऊ नका. पात्र वळलेलं असेल, खडकावरून पाणी उसळत असेल, त्याच्या पलीकडे घ्या. शिवाय सातपुड्याच्या किंवा सह्याद्रीच्या पायथ्याशी, वस्तीच्या वर, एक स्वच्छ संदर्भ बिंदू ठेवा. आपली नदी मुळात कशी आहे हे त्याच्याशिवाय कळत नाही.

बिंदू शोधायला टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजणारा मीटर पुरतो. काहीशे रुपयांत मिळतो, पेनाएवढा असतो. काठाने चालत दर दोनशे पावलांवर बुडवत जा. आकडा जिथे एकदम उडी मारतो, तिथे काहीतरी आत येतंय. कधी ते उघडं गटार असतं, कधी झुडपात लपलेला पाइप. पण टीडीएस म्हणजे प्रदूषण नव्हे, हे पक्कं लक्षात ठेवा. खडकातल्या क्षारांनीही तो वाढतो, आणि जंतूंबद्दल तो काहीच सांगत नाही. मीटरचा उपयोग माग काढण्यापुरता.

बाटली भरताना

गुडघाभर पाण्यात उतरा, पण गाळ ढवळू देऊ नका. प्रवाहाकडे तोंड करून उभे राहा, म्हणजे तुमच्या पायाने उठलेला गाळ मागे जाईल. बाटली नदीच्या पाण्याने तीन वेळा विसळा, मग तिचं तोंड येणाऱ्या प्रवाहाकडे करून पृष्ठभागाखाली साधारण एक फूट बुडवून भरा. वर तरंगणारा तवंग किंवा शेवाळ आत येता कामा नये. जंतुतपासणीची निर्जंतुक बाटली मात्र विसळायची नाही, झाकणाच्या आत बोट लावायचं नाही, आणि वर थोडी मोकळी जागा ठेवायची. नळाच्या पाण्यासाठी मिळणाऱ्या बाटलीत सोडियम थायोसल्फेटचा थेंब असतो. तो क्लोरीन मारण्यासाठीच आहे. घाण समजून ओतून देऊ नका.

विरघळलेला ऑक्सिजन, म्हणजे डीओ, जागेवरच मोजावा लागतो किंवा रसायन घालून जागेवरच स्थिर करावा लागतो. बाटली हेंदकाळत प्रयोगशाळेत नेली तर तो आकडा निरर्थक. आणि वेळेला महत्त्व द्या. साचलेल्या हिरव्या डोहात दुपारी तीनला डीओ उत्तम दिसतो, कारण शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडत असतं. तेच शेवाळ रात्रभर ऑक्सिजन खातं, आणि पहाटे मासे तोंड वर काढून हवा घेताना दिसतात. दुपारचे नमुने घेऊन नदी ठणठणीत असल्याचं सांगणारे अहवाल बघून हसू येतं. खरा आकडा उजाडताना मिळतो, म्हणून पहाटे जा.

बीओडी (पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते याचं माप) आणि जंतूंचे नमुने बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवा. चिठ्ठीवर जागा, तारीख, वेळ, हवामान आणि आधीच्या दोन दिवसांत पाऊस किंवा आवर्तन होतं का, हे लिहा. शेवटचा रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात, पण अहवाल वाचताना त्याच्याशिवाय पान हलत नाही.

पिण्याच्या स्रोतांसाठी वेगळी सोय आहे. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत, ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नमुने पाठवतो. जलजीवन मिशनमध्ये गावागावांत महिलांना क्षेत्रीय तपासणी संच वापरण्याचं प्रशिक्षण देण्यात आलं. ते संच कपाटात पडून असतील तर आधी त्यांवरची मुदत बघा.

आकडा आला, पुढे काय?

पाणी चांगलं की वाईट, हे ते कशासाठी वापरायचं यावर ठरतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे पाच वर्ग आहेत. ‘अ’ म्हणजे फक्त निर्जंतुक करून पिण्याजोगं: डीओ किमान ६, बीओडी जास्तीत जास्त २. ‘ब’ म्हणजे आंघोळीचं: डीओ किमान ५, बीओडी ३ पर्यंत. ‘क’ म्हणजे शुद्धीकरण केंद्रातून काढून पिण्याचं: डीओ किमान ४, बीओडी ३ पर्यंत. ‘ड’ माशांसाठी, ‘ई’ शेतीसाठी. सगळे आकडे मिलिग्रॅम प्रतिलिटर. नंदुरबार जिल्ह्यातल्या प्रकाशा गावी, जिथे लोक तापीत स्नान करतात, तिथे ‘ब’ हा कमीत कमी निकष. बंधाऱ्यातून फक्त शेतीला उपसा असेल तर ‘ई’ चालतो. पहिल्याच बैठकीत आपल्या पट्ट्याचा वर्ग ठरवून घ्या, नाहीतर प्रत्येक जण आपल्या सोयीचा निकष काढतो.

२०१८ मध्ये केंद्रीय मंडळाने देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यातले ५३ महाराष्ट्रातले होते आणि तापी-गिरणेचे पट्टेही त्यात होते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशानंतर राज्यांनी पट्ट्यांचे कृती आराखडे तयार केले. आपल्या नदीचा आराखडा मिळवून वाचा: कोणत्या नगरपालिकेने किती क्षमतेचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र कधीपर्यंत उभारायचं कबूल केलं आहे, ते त्यात असतं. पुढच्या सगळ्या बैठकांत हाच कागद कामाला येतो.

भाराचा हिशेब: इथे थांबून गणित करा

या लेखातलं एकच गणित करणार असाल तर हे करा. तीव्रता मिलिग्रॅममध्ये येते, पण नदीला किलो सोसावे लागतात. सूत्र सोपं आहे: एक एमएलडी, म्हणजे रोजचे दहा लाख लिटर पाणी, आणि लिटरमागे एक मिलिग्रॅम घाण, म्हणजे रोज एक किलो.

५० हजार वस्तीचं तालुक्याचं गाव धरा. माणशी १३५ लिटर पुरवठा, त्यातला ८० टक्के गटारीत, म्हणजे ५.४ एमएलडी सांडपाणी. सांडपाणी प्रकल्पांच्या आखणीत माणशी रोज २७ ग्रॅम बीओडी धरतात. म्हणजे गावाचे १,३५० किलो, आणि तीव्रता लिटरला २५० मिलिग्रॅम. (आपल्याकडे पाणी चार-चार दिवसांआड येतं, म्हणून सांडपाणी कमी आणि जास्त दाट असतं. किलो मात्र तेवढेच राहतात.)

वरून येणाऱ्या स्वच्छ पाण्याचा बीओडी १ आहे असं मानू, आणि खाली ३ च्या आत ठेवायचं आहे. सांडपाणी तसंच सोडलं तर वरून सुमारे ६६७ एमएलडी, म्हणजे २७० क्युसेकपेक्षा जास्त पाणी हवं. केंद्रात बीओडी ३० पर्यंत उतरवला तर ७३ एमएलडी, म्हणजे ३० क्युसेक. १० पर्यंत उतरवला तर १९ एमएलडी, आठ क्युसेकच्या आत.

आता आपल्या नदीत एप्रिलमध्ये वरून किती क्युसेक येतात ते बघा. बोरी किंवा पांझरेत बहुतेक ठिकाणी उत्तर शून्याजवळ येतं. याचा अर्थ केंद्र मानकानुसार चालू आहे, कागद सगळे हिरवे आहेत, तरीही नदी नापास! हा दोष केंद्राचा नव्हे. मानक सोडण्याच्या पाइपावर लावलं आहे आणि नदीत ते पाणी पातळ करायला दुसरं पाणीच नाही. घाणीची आणि पाण्याची वही वेगळी ठेवल्याची ही किंमत.

मग मार्ग दोनच. एक तर उन्हाळ्यात नदीत थोडा सतत प्रवाह ठेवायचा, किंवा शुद्ध केलेलं सांडपाणी उन्हाळ्यात नदीत सोडायचंच नाही. खानदेशात पहिला मार्ग मर्यादित आहे; धरणातलं पाणी पिण्यालाच पुरत नसताना पातळ करण्यासाठी कोण देणार? म्हणून माझा कौल दुसऱ्याला. केंद्राचं पाणी कापूस, चारा, मका यांना द्या. सर्वसाधारण मानकांत नदीत सोडण्यासाठी बीओडी ३० ची मर्यादा आहे, सिंचनासाठी जमिनीवर सोडायला १०० ची. कच्ची खाल्ली जाणारी कोथिंबीर, मुळा, मेथी मात्र त्यावर नको. औष्णिक वीज केंद्राच्या ५० किलोमीटर परिसरात सांडपाणी केंद्र असेल तर वीज केंद्राने ते पाणी वापरावं, असं २०१६ च्या केंद्रीय वीजदर धोरणात आहे. भुसावळजवळच्या दीपनगर वीज केंद्राच्या आसपासच्या पालिकांनी हे कलम हाताशी ठेवावं. तिथे वाचलेलं तापीचं पाणी म्हणजेच नदीतला प्रवाह.

केळीच्या पट्ट्यात जमिनीखाली बघा

रावेर-यावलकडे नदीपेक्षा विहिरीचा प्रश्न मोठा. केळीला शिफारस झाडामागे २०० ग्रॅम नत्राची. दीड बाय दीड मीटरवर हेक्टरी ४,४४४ झाडं, म्हणजे ८९० किलोच्या आसपास नत्र, आणि शिफारशीपुढे जाणारेही आहेतच. युरिया फेकून पाट सोडला तर त्यातला बराच भाग मुळांखाली जाऊन नायट्रेट होतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. त्यापुढे ते बाटलीचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना धोक्याचं. पाणी उकळून नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटून तो वाढतो. ही गोष्ट अंगणवाडीत सांगा, कारण उकळलेलं पाणी म्हणजे सुरक्षित अशीच सगळ्यांची समजूत असते.

उपाय शेतकऱ्याच्या खिशाला परवडणारा आहे: ठिबकमधून हप्त्याहप्त्याने विद्राव्य खत, माती परीक्षणानुसार मात्रा, आणि विहिरीतल्या पाण्यातलं नत्र खताच्या हिशेबात धरणं. पुनर्भरणाचे खड्डे मात्र शेतातल्या वाहत्या पाण्यावर थेट बोअरमध्ये उतरवू नका. गाळण नसेल तर पाण्याबरोबर खत आणि औषधही खाली जातं.

कागद घेऊन कुठे जायचं

सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे कालवा सल्लागार समिती. रब्बी आणि उन्हाळी आवर्तनं इथेच ठरतात. तिथे पाणी वापर संस्थांचे लोक किती दिवस, किती क्युसेक यावर भांडतात, गुणवत्तेवर कोणी बोलत नाही. तुमचं टिपण आधी लेखी द्या: अमुक बंधाऱ्यात पाणी साचून बीओडी इतका झाला आहे, आवर्तन सुटलं की हे पाणी पुढच्या जॅकवेलवर (पाणीपुरवठ्यासाठी नदीतून उपसा करणाऱ्या विहिरीवर) येणार. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ नुसार पाटबंधारे महामंडळं हीच नदीखोरे अभिकरणं आहेत. जळगावचं तापी पाटबंधारे विकास महामंडळ म्हणजे कायद्याने आपल्या खोऱ्याचं कार्यालय, फक्त धरणं बांधणारं खातं नव्हे. प्रत त्यांनाही द्या.

कारखान्याबाबत जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ मधल्या दोन गोष्टी माहीत हव्यात. कलम २५ नुसार सांडपाणी सोडायला मंडळाची संमती लागते, आणि त्या संमतीच्या अटींची नोंदवही बाधित माणसाला पाहता येते. म्हणून आधी संमतीपत्र बघा. किती घनमीटर, कोणती मानकं, आणि नदीत सोडायला परवानगी मुळात आहे का? पुष्कळदा नसतेच, आणि मग वाद आकड्याचा उरतच नाही. दुसरं, कलम २१. न्यायालयात चालणारा नमुना मंडळाच्या अधिकाऱ्यानेच, ठरलेल्या रीतीने, सीलबंद करून घ्यावा लागतो. तुम्ही भरलेली बाटली पुरावा नव्हे, ती अधिकाऱ्याला योग्य वेळी योग्य जागी आणण्याचं निमित्त आहे. तक्रारीत ‘रोज घाण सोडतात’ असं लिहू नका. ‘मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री अकरानंतर, या अक्षांश-रेखांशावर, वर-खाली टीडीएस इतका’ असं लिहा. हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागीय पीठ पुण्याला आहे. तिथे मूळ अर्जाला सहा महिन्यांची मुदत असते, म्हणून पहिल्या घटनेची तारीख जपा.

राज्याबाहेरचा प्रश्न अवघड आहे. १९५६ च्या नदी मंडळ कायद्याखाली एकही मंडळ आजवर स्थापन झालं नाही, त्यामुळे बऱ्हाणपूर, जळगाव आणि सुरत एकत्र बसतील असं टेबल नाही. केंद्रीय जल आयोगाची बऱ्हाणपूर, सावखेडा, सारंगखेडा इथे निरीक्षण केंद्रं आहेत. राज्यांच्या सीमेवरच्या वादात हे आकडे कोणत्याही एका राज्याचे नसतात, म्हणून तेच वापरा.

गावाने स्वतः करायची कामं

यांना मंजुरीची वाट बघायची गरज नाही. घरोघर शोषखड्डे, गटारीच्या टोकाला सांडपाणी साचवून निवळू देणारं स्थिरीकरण तळं, शौचालयाच्या टाकीचा मैला उपसणारा टँकर नाल्यात रिकामा होत नाही ना यावर नजर. वाळूउपसा थांबवणं हे गुणवत्तेचंच काम आहे: पात्रातली वाळू हीच आपल्या जॅकवेलची गाळणी. ती गेली की तेच पाणी गढूळ आणि जंतूंसकट आत येतं.

शेवटी एक व्यवस्था, जिला पैसे लागत नाहीत. उन्हाळ्यात आवर्तन सुटतं तेव्हा पाण्याचा पहिला लोंढा डोहाडोहांत कुजलेलं सगळं पुढे ढकलत आणतो. लोक आनंदाने पंप चालू करतात, आणि टाकीत नेमकं तेच भरतं. पहिल्या पुराचंही तेच. वरच्या गावच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याने खालच्याला फोन करायचा: ‘भाऊ, पाणी आमच्याकडून निघालं, रंग काळा आहे.’ खालच्याने लोंढा पुढे सरून पाणी निवळेपर्यंत उपसा बंद ठेवायचा. त्यानंतर टीसीएलची (ब्लीचिंग पावडरची) नेहमीची मात्रा, हजार लिटरला पाच ग्रॅम, पुरेलच असं धरू नका. सेंद्रिय घाण आणि अमोनिया क्लोरीन खाऊन टाकतात. मात्रा टाकून अर्ध्या तासाने, आणि गावाच्या शेवटच्या नळावर, ओटी टेस्ट (पाण्यात उरलेला क्लोरीन दाखवणारी तपासणी) घ्या. तिथे किमान ०.२ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) दिसेपर्यंत मात्रा वाढवा आणि किती वाढवावी लागली ते वहीत लिहा. हाच आकडा, आवर्तनाच्या तारखेसह, पुढच्या कालवा सल्लागार समितीत ठेवायचा.